एकशेएकावा अंक

जुलै १९७७ च्या पहिल्या तारखेला औंढ्याच्या एसटी स्टँडवर आमच्या दैनिकाचा जो गठ्ठा उतरला, त्यात चौऱ्याऐंशीऐवजी एकशे चार अंक होते. वाढ वीस अंकांची होती. या वीस अंकांनी पुढचे तीन महिने तीन माणसांना वैताग दिला: औंढ्याचे एजंट, मुख्य कचेरीतले वितरण विभागाचे कारकून आणि मी. सगळ्यात जास्त वैताग एजंटांच्या वाट्याला आला आणि त्याला कारण माझा एक शब्द होता.

मी तेव्हा हिंगोलीला दैनिकाचा वार्ताहर होतो. वार्ताहराने बातम्या पाठवायच्या, दिवाळीला जाहिराती गोळा करायच्या आणि आसपासच्या गावांतल्या एजंटांची कामेही पाहायची, अशी तेव्हाची पद्धत होती. कामे म्हणजे मुख्यतः तक्रारी. गठ्ठा भिजला, गठ्ठा पुढच्या गावाला गेला, बिलात चूक आहे. कचेरी दीडशे किलोमीटरवर आणि फोन लागायला अर्धा दिवस, म्हणून सगळे माझ्याकडे यायचे.

औंढ्याचे एजंट स्टँडसमोर सायकल दुरुस्तीचे दुकान चालवत. वय पन्नाशीच्या आसपास. मी त्यांना मामा म्हणत असे. ते मला साहेब म्हणत, आणि मी त्यांच्या निम्म्या वयाचा आहे हे अनेकदा सांगूनही ते सुटले नाही. दुकानाच्या फळीवर दैनिकाच्या नावाची पत्र्याची पाटी होती आणि ती ते दर शनिवारी रॉकेलच्या बोळ्याने पुसत. पावसाळ्याचे चार महिने सायकली कमी निघतात, त्या काळात घर एजन्सीवर चाले. पैशाशिवाय आणखीही एक गोष्ट होती. गावातल्या ज्यांच्या ओसरीवर त्यांना कधी बसवले गेले नव्हते, ती माणसे सकाळी साडेदहाला त्यांच्या दुकानासमोर उभी राहून विचारत, "मामा, गाडी आली का?" पाटीपेक्षा हा प्रश्न त्यांना मोलाचा होता, असे त्यांनी मला एकदाच आणि तेही दुसरेच काही सांगताना सांगितले.

जूनमध्ये कचेरीचे परिपत्रक आले. सायक्लोस्टाईल केलेले दोन कागद, शाई पुसट. तोवर सर्व एजंटांना सरसकट वीस टक्के कमिशन मिळे. आता टप्पे आले. पन्नास अंकांपर्यंत वीस टक्के, एक्कावन्न ते शंभर बावीस टक्के, शंभराच्या वर पंचवीस टक्के. खाली दोन अटी होत्या. रोजची विक्री शंभरापेक्षा अधिक झालेला एजंट वरच्या वर्गात जाईल आणि त्याने तीन महिन्यांत अनामत दुप्पट करावी, म्हणजे अडीचशेची पाचशे. ती न भरल्यास एजन्सी दुसऱ्यास देण्यात येईल.

मामांनी परिपत्रक दोनदा वाचले आणि ट्यूबच्या खोक्याच्या झाकणावर हिशेब मांडला. अंकाची किंमत तीस पैसे, कचेरी महिना सरसकट तीस दिवसांचा धरे, म्हणून एका अंकाचे महिन्याला नऊ रुपये. एकशे चार अंकांचे ९३६. त्याचे पंचवीस टक्के २३४ रुपये. आत्ताचे चौऱ्याऐंशी अंकांचे कमिशन १५१ रुपये २० पैसे. म्हणजे महिन्याला ८२ रुपये ८० पैसे जास्त. तीन महिन्यांचे २४८ रुपये ४० पैसे. वाढीव अनामत अडीचशे. फक्त एक रुपया साठ पैसे कमी पडत होते.

"एक रुपया साठ पैसे मी पंक्चरमधून भरतो," ते म्हणाले. मग त्यांनी मला विचारले, "साहेब, एक सांगा. शंभराच्या वर गेलं का पंचवीस टक्के समद्या अंकांवर भेटते, का नुसतं वरच्या चारावर?"

"सगळ्यांवर," मी म्हणालो.

"बराबर हाय ना? मी लोकांची भागी मोडून राहिलो, म्हणून विचारतो."

"बराबर आहे."

परिपत्रकाची माझी प्रत तेव्हा माझ्या पिशवीत होती. मी ती काढली नाही.

पंचवीस टक्के सगळ्या अंकांवर मिळतील, असे वाटण्याला कारण होते. मामा नांदेडच्या ठोक दुकानातून ट्यूब आणत. सहा ट्यूब घेतल्या तर एक भाव, डझन घेतला तर त्याहून कमी भाव. आणि डझन झाला की पहिल्या सहांनाही तोच कमी भाव लागे. आमच्याकडे मोंढ्यात म्हणजे धान्याच्या बाजारात, कापडात, गुळात, सगळीकडे हीच रीत होती. माल वाढला की भाव बदलतो, आणि तो सगळ्या मालाचा बदलतो. पहिल्या पन्नासांना एक भाव, पुढच्या पन्नासांना दुसरा आणि उरलेल्या चारांना तिसरा, असा व्यापार औंढ्यात कोणी पाहिला नव्हता. मीही नाही.

आता भागीबद्दल. औंढ्याला बरेच लोक पेपर भागीत घेत. तीन घरांत एक अंक, प्रत्येकाने महिन्याला तीन रुपये द्यायचे. अंक आला की पहिला वाचायला घेई, दुपारी चारला तो दुसऱ्याकडे जाई, दिवेलागणीला तिसऱ्याकडे. रद्दी पाळीपाळीने एकेका महिन्याची एकेकाला. ही व्यवस्था वर्षानुवर्षे चाललेली होती आणि तिच्यात कुणाचे काही अडत नव्हते. मामांनी जूनच्या शेवटच्या दोन आठवड्यांत अशा नऊ भागी मोडल्या. नऊ अंकांचे सत्तावीस झाले. अठरा वाढले. सिद्धेश्वर धरणाच्या वसाहतीतल्या एका ओव्हरसिअरने एक नवा अंक लावला. विसावा अंक मामांनी स्वतःच्या खर्चाने आपल्या वस्तीतल्या बुद्धविहारात ठेवला. तिथे रोज संध्याकाळी रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचत आणि पंधरा-वीस माणसे ऐकत.

भागी मोडणे सोपे नव्हते. शाळेचे मास्तर, सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई आणि स्टँडवरचे हॉटेलवाले यांची एक भागी होती. हॉटेलवाल्यांना अंक शेवटी मिळे, ते लगेच तयार झाले. नर्सबाईंची तक्रार अशी की मास्तर शब्दकोडे पेनने भरून पाठवतात, त्याही तयार झाल्या. मास्तरांना मात्र पहिली पाळी होती. त्यांना नऊ रुपये देण्याचे काहीच कारण दिसत नव्हते. मामांनी त्यांच्याकडे चार फेऱ्या मारल्या. शेवटी मास्तर म्हणाले, "घेतो बाबा, पण मला तुमचा धंदा समजला नाही. तीन माणसं एका अंकात सुखी होती, तर तुम्ही त्यांना तीन अंक घ्यायला लावले. देशात तसंही कागदाचा तुटवडा आहे."

दुसरी भागी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. तांड्याचे नायक, ग्रामसेवक आणि सोसायटीचे सचिव. नायकांना वाचता येत नव्हते. त्यांची सून सातवी झालेली होती, ती वाचून दाखवी. मामा त्यांना म्हणाले, "नायक, तांड्याच्या नायकानं दुसऱ्याचा पेपर वाट बघत बसावं, हे काही शोभत न्हाई." नायकांना ते पटले.

निवडणूक होऊन चार महिने झाले होते आणि लोकांना पेपर वाचायची ओढ होती, याचाही उपयोग झाला. पहिल्या जुलैला एकशे चार अंक आले आणि संपूर्ण महिन्यात एकही अंक परत गेला नाही.

ऑगस्टच्या दहाव्या तारखेला जुलैचे बिल आले. अकराव्या तारखेला मामा ते घेऊन हिंगोलीला माझ्या खोलीवर आले. ते जयभीम म्हणाले आणि बिल टेबलावर ठेवून उभे राहिले. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

कमिशनच्या रकान्यात १९८ रुपये होते.

"दोनशे चौतीस पायजे होतं," मामा म्हणाले.

मी हिशेब पाहिला. खाली कारकुनाने बारीक अक्षरात फोड दिली होती. पहिले पन्नास अंक, ४५० रुपये, वीस टक्क्यांनी ९०. पुढचे पन्नास, ४५० रुपये, बावीस टक्क्यांनी ९९. वरचे चार, ३६ रुपये, पंचवीस टक्क्यांनी ९. एकूण १९८.

"चूक झाली असेल त्यांची," मी म्हणालो. "मी लिहितो."

"लिहा. तीस सप्टेंबरला अनामतीची मुदत हाय. ह्या हिशेबानं तीन महिन्यांचं एकशे चाळीस रुपये चाळीस पैसे येतंय. एकशे दहा मी कुठून आणू? आन मोंढ्यातल्या धान्यवाल्यानं अर्ज टाकलाय म्हणून ऐकून राहिलो. त्याच्याकडं पाचशे रोख हायेत."

मी त्याच दिवशी पत्र लिहिले. सहाव्या दिवशी पोस्टकार्ड आले. त्यात एकच ओळ होती: "परिपत्रक पाहावे." मी परिपत्रक पाहिले. त्यात तक्ता होता, तीन ओळींचा, आणि तो तक्ता कसा वापरायचा याबद्दल काही नव्हते. मी पुन्हा पत्र लिहिले आणि विचारले की शंभराच्या वर गेलेल्या एजंटाला पंचवीस टक्के कोणत्या अंकांवर मिळतात, ते कृपया एका वाक्यात कळवावे. चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आले: "आपल्या आधीच्या पत्रास दिलेले उत्तर पाहावे."

तेव्हा मी रजा न मागता एक दिवस मुख्य कचेरीला गेलो.

वितरण विभाग तळमजल्यावर छापखान्याच्या बाजूला होता. कारकून माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे होते. टेबलावर पोस्टकार्डांचे तीन ढीग होते. बहुधा सगळ्यांची उत्तरे एकच असावीत.

मी त्यांना ट्यूबच्या खोक्याच्या झाकणावरचा हिशेब दाखवला. मामांनी ते झाकणच माझ्याबरोबर दिले होते.

"हे चूक आहे," ते म्हणाले.

"का?"

"का म्हणजे? प्रत्येक अंकाला त्याच्या टप्प्याचा दर. चौथा अंक काही एकशे चारावा होत नाही."

"बाजारात तर सगळ्या मालाला एकच भाव लागतो."

"आम्ही बाजार नाही. तुम्ही इन्कम टॅक्स भरता का?"

"नाही."

"म्हणून तुम्हाला कळत नाही. तिथे असंच असतं."

"औंढ्याच्या एजंटांनाही इन्कम टॅक्स भरावा लागत नाही," मी म्हणालो. "त्यांना हे परिपत्रकात लिहायला हवं होतं."

"तुम्ही तिथले वार्ताहर. तुम्ही समजावायला हवं होतं. तुम्ही परिपत्रक वाचलं होतं ना?"

"वाचलं होतं."

"मग?"

मी झाकण पुन्हा त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी मला वहीत एक तुलना करून दाखवली, ती त्यांच्या दृष्टीने निर्णायक होती. मामांच्या रीतीने धरले तर शंभर अंकांच्या एजंटाला बावीस टक्क्यांनी १९८ रुपये मिळतील आणि एकशे एक अंकांच्या एजंटाला पंचवीस टक्क्यांनी २२७. एक अंक जास्त विकल्याबद्दल जवळजवळ तीस रुपये. "मग प्रत्येक शंभरवाला स्वतःच्या खिशातून एक अंक विकत घेऊन घरी ठेवेल," ते म्हणाले. "कंपनी बुडेल."

मी त्यांच्याकडून पेन्सिल घेतली आणि त्यांच्या रीतीने एकशेएकाव्या अंकाचा हिशेब केला. नऊ रुपयांचे पंचवीस टक्के: सव्वादोन रुपये. महिन्याला सव्वादोन रुपये मिळवण्यासाठी एजंटाने अडीचशे रुपये अनामत भरायची. त्या अनामतीवर व्याज नव्हते. मी ते त्यांना दाखवले.

त्यांनी ते पाहिले. "अनामत हा वेगळा विषय आहे," ते म्हणाले. "तो हिशेब विभाग बघतो."

हिशेब विभाग पहिल्या मजल्यावर होता आणि त्या दिवशी बंद होता. का बंद, हे शिपायालाही माहीत नव्हते.

मी निघताना कारकून म्हणाले, "आणि एवढं घाबरायचं कारण काय? वर्ग तीन महिन्यांच्या सरासरीवर ठरतो. दुसऱ्या पानावर आहे. सरासरी शंभरच्या वर गेली तरच अनामत."

दुसऱ्या पानावर खरोखर होते. शाई इतकी फिकट होती की मी ते वाचलेच नव्हते.

परतीच्या एसटीत मी तिकिटाच्या मागे हिशेब केला. जुलै एकशे चार, ऑगस्ट एकशे चार. सप्टेंबर ब्याण्णव ठेवला तर तीन महिन्यांची सरासरी बरोबर शंभर येत होती. शंभर म्हणजे शंभरापेक्षा अधिक नव्हे. सप्टेंबरची मागणी पंचवीस ऑगस्टपर्यंत कळवायची होती. म्हणजे चार दिवसांत बारा अंक कमी करायचे होते. एका भागीत दोन अंक कमी होतात, म्हणून सहा भागी पुन्हा जुळवायच्या होत्या, ज्या मामांनी दोन महिन्यांपूर्वी घरोघर फिरून मोडल्या होत्या.

मी औंढ्याला उतरून मामांना हे सांगितले. त्यांनी चाकाची तार कसणे थांबवले नाही.

"म्हंजे तुमी मला चुकीचं सांगितलं," ते म्हणाले.

"हो."

"बराबर हाय म्हणले होते."

"म्हणालो होतो."

 तार कसून झाल्यावर त्यांनी हात पुसले, दुकानाची फळी लावली आणि आम्ही दोघे निघालो.

पहिल्यांदा हॉटेलवाले. त्यांनी कप विसळता विसळता सगळे ऐकून घेतले. "पयले वेगळे व्हा म्हणले, झालो. आता एक व्हा म्हणता. मामा, तुमी पेपर विकून राहिले का सोयरिकी जमवून राहिले?"

"एक महिना. सप्टेंबर निघू द्या."

"आन पाळी माझी शेवटीच ना? चहाचे डाग पडायला."

"तुमच्या हॉटेलात डाग कोणत्याबी पाळीला पडतेत."

हॉटेलवाले हसले आणि तयार झाले. नर्सबाईंनी अट घातली की कोडे कोरे आले पाहिजे. मास्तर म्हणाले, "कोडं मी कोरं पाठवीन. पण जूनमध्ये मी तुम्हाला काय म्हणालो होतो ते आधी म्हणून दाखवा." मामांनी ते म्हणून दाखवले, कागदाच्या तुटवड्यासकट. मास्तर समाधानाने तयार झाले.

दोन दिवसांत पाच भागी जुळल्या. दहा अंक कमी झाले. सहावी भागी तांड्यावरची होती. ग्रामसेवक आणि सचिव दोघे एका अंकात यायला कबूल झाले. म्हणजे अकरा. नायक कबूल झाले नाहीत. ते बाजेवर बसले होते, सून दारात उभी होती.

"मामा, जूनमधी तुमी काय म्हणले? नायकानं दुसऱ्याच्या पेपराची वाट बघू नये. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"मंग आता मी नायक न्हाई का?"

"हायेत की."

"सून रोज दुपारी वाचते. आता तिला सवय लागली. भाव वाचते, पाऊसपाणी वाचते, मला समजत न्हाई ते बी वाचते. तिच्या हातून मी काढून घेऊ का? तुमीच घ्या. हे बघा, उभी हाय."

मामांनी तिच्याकडे पाहिले नाही. आम्ही चहा घेतला आणि निघालो. येताना सायकलवर मामा फक्त एवढेच म्हणाले, "मी त्यांना लई चांगलं समजावलं होतं जूनमधी."

चोवीस ऑगस्टच्या दुपारपर्यंत अकराच अंक कमी झाले होते. बाकीच्या तीन भागींतली माणसे परत एकत्र यायला तयार नव्हती. एका ठिकाणी रद्दीवरून बोलणे बंद झाले होते. ओव्हरसिअरने अंक लावून दोन महिनेसुद्धा झाले नव्हते, त्याला बंद करा म्हणणे शक्य नव्हते. उरला विहारातला अंक.

मामा दुकानातल्या खोक्यावर बसले. "त्यो न्हाई काढायचा," ते म्हणाले.

"मग सरासरी शंभराच्या वर एक तृतीयांश अंकाने जाते."

"जाऊ द्या."

"एजन्सी जाईल."

 स्टँडवर जिंतूरची गाडी लागली, तिचे प्रवासी चढले आणि ती गेली.

वार्ताहराला कचेरीकडून एक भेट अंक मिळे. तो एजंटांच्या मोजणीत धरला जात नसे. मी म्हणालो की सप्टेंबरभर मी माझा अंक हिंगोलीला आल्यावर वाचून दोनच्या गाडीने औंढ्याला पाठवीन. संध्याकाळच्या वाचनाआधी तो पोचेल.

"आन तुमी?"

"मी वाचूनच पाठवणार."

मामांनी हिशेबाचे झाकण माझ्या हातून घेतले. "म्हंजे आता तुमी बी भागीत," ते म्हणाले. त्यांनी कागद घेतला आणि सप्टेंबरची मागणी लिहिली: ब्याण्णव. मी खाली शिफारस लिहून सही केली. पत्र त्याच संध्याकाळच्या टपालात गेले.

एक सप्टेंबरला गठ्ठा उतरला. त्यात एकशे चार अंक होते.

मामांनी वरचे बारा बांधून त्याच गाडीच्या परतीच्या फेरीने पाठवून दिले आणि कंडक्टरची सही घेतली. दोन तारखेला पुन्हा एकशे चार. तीन तारखेला पुन्हा. माझ्याकडे बातमीच्या तारेचे कार्ड होते, पण ते खासगी कामाला चालत नसे. मी स्वतःचे पैसे भरून तार केली: औंढा ब्याण्णव, एकशे चार नव्हे, जादा छत्तीस परत, मोजू नयेत. चार तारखेपासून ब्याण्णव येऊ लागले. तारेचे उत्तर आले नाही. ते छत्तीस अंक विकलेले म्हणून धरले असते तर सप्टेंबरची सरासरी त्र्याण्णवच्या वर गेली असती आणि तिन्ही महिन्यांची शंभराच्या वर. ते धरले की नाही, हे कळायला महिना संपण्याची वाट पाहण्याशिवाय मार्ग नव्हता. मी चौकशीचे पत्र पाठवले. उत्तर काय येईल हे मला माहीत होते आणि तेच आले.

सप्टेंबरभर मी रोज दुपारी स्टँडवर जाऊन अंक ड्रायव्हरच्या हाती दिला. अकरा दिवस तो वेळेवर पोचला नाही, असे मामांनी नोंदवून ठेवले आहे. त्या त्या दिवशी विहारात आदल्या दिवसाचा अंक पुन्हा वाचला गेला. मास्तरांनी महिन्यातून दोनदा कोडे भरून पाठवले आणि दोन्ही वेळा नर्सबाईंनी मामांना दुकानावर येऊन सांगितले. मोंढ्यातले धान्याचे व्यापारी एकदा सायकल घेऊन दुकानावर आले, पुढच्या चाकात हवा भरून घेतली आणि पाटीकडे बघत म्हणाले, "मामा, पाटी लई चकाचक ठेवता हो." मामांनी हवेचे पैसे घेतले.

ऑक्टोबरच्या आठव्या तारखेला बिलाबरोबर पत्र आले. टंकलिखित, दोन ओळी. औंढा: जुलै ते सप्टेंबर सरासरी १००. वर्ग दुसरा. अनामत पूर्ववत.

मामांनी पत्र वाचले, घडी घालून पाटीच्या मागे खोचले आणि विचारले, "शंभर अंकांचं कमिशन किती?"

"एकशे एकोणनव्वद."

"आन एकशे एकाचं?"

"एकशे एक्याण्णव रुपये पंचवीस पैसे. आणि अनामत अडीचशे."

त्यांनी पुढच्या मागणीचे पत्रक भरले: शंभर. आठ अंक वाढले. त्यांतला पहिला विहाराचा. बाकीचे सात, भागी नको म्हणणाऱ्यांना.

त्यानंतर औंढ्याला नवा अंक मागणाऱ्याला मामा आधी विचारत की तुमच्या शेजारी कोण पेपर घेतो. दवाखान्यात नवे डॉक्टर आले, त्यांना मास्तरांच्या भागीत घातले, आणि ती भागी चौघांची झाली. एक तलाठी बदलून गेले, तेव्हा त्यांचा अंक वाट पाहणाऱ्या एका शिक्षिकेला मिळाला. १९७८ मध्ये कचेरीने मला विचारणा केली की औंढ्याची विक्री वर्षभर वाढत का नाही, कारणे कळवावीत. मी एकशेएकाव्या अंकाचा हिशेब एका कागदावर मांडून पाठवला आणि अनामतीची अट बदलण्याची सूचना केली. पोस्टकार्ड आले: "परिपत्रक पाहावे."

मार्च १९७९ मध्ये माझी बदली झाली. शेवटच्या दिवशी मी औंढ्याला गाडी बदलली. साडेदहाची एसटी आली, मामांनी टपावरून गठ्ठा उतरवला आणि सुतळी कापण्याआधी वरची चिठ्ठी मला दाखवली. तिच्यावर आकडा होता: १००.